जुना नॅस: डिस्क बदलून भागेल की डबाच बदलायचा? कसं ठरवायचं ते सविस्तर

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला सांगलीहून मामांचा फोन. "अरं तुझा त्यो डबा नुसता वरडालाय, टीं टीं टीं, झोपू देईना, तुझ्या मामीनं वायरच उपसली बघ." 'तुझा डबा' म्हणजे २०१८ साली मीच त्यांना घेऊन दिलेला दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली साठवायचा डबा), त्यात दोन्ही मुलींच्या लग्नाचे व्हिडिओ, स्कॅन केलेले सातबारे आणि तीस-चाळीस वर्षांचे फोटो. मी म्हटलं मामा, आता ती वायर परत लावू नका, शनिवारी येतो. आणि फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की आपल्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीमागे बसलेला नॅस तर २०१३ चा आहे, एक कोर, ५१२ एमबी रॅम, तो कधी ओरडला नाही म्हणून आपण त्याच्याकडे फारसं बघितलंच नाही.

शेवटी झालं असं की ओरडणारा डबा ठेवला आणि गप्प बसलेला काढला. हे कसं ठरलं तेच खाली लिहितोय, कारण "माझा नॅस जुना झालाय, नवा घेऊ का" असं विचारणाऱ्याला सगळे थेट मॉडेलचं नाव सांगतात, आणि प्रश्न तिथे सुरूच होत नाही. तुमच्याकडे एक वस्तू नाहीये, चार आहेत: डेटा, डिस्क, डबा आणि डब्यातलं सॉफ्टवेअर. चारही वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. कोण म्हातारं झालंय ते आधी शोधायचं, मग पाकिटाला हात घालायचा.

पायरी १: काहीही करायच्या आधी बॅकअप

हे वाचून पुढे जाऊ नका, खरंच करा. दोन डिस्क रेड १ मधे (दोन्हीवर तोच डेटा) आहेत म्हणजे बॅकअप आहे असं समजणारे लोक मला अजून भेटतात, अहो तो आरसा आहे, एकीकडे फोल्डर उडवलं की दुसरीकडे त्याच क्षणी उडतं, व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात, आणि वीज कडाडून डबा जळला तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. रेडचा उपयोग एकच, एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही.

एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, नॅसवरच्या एकूण डेटापेक्षा मोठी, आणि नॅसच्या मागच्या यूएसबीला लावून नॅसच्याच बॅकअप ॲपने किंवा साध्या कॉपीने सगळं उतरवा. मागचं पोर्ट यूएसबी २ असेल तर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, मग लॅपटॉप केबलने राउटरला जोडून त्याच्यातर्फे कॉपी केलेली बरी. डबा आधीच कुरकुर करत असेल तर क्रम महत्त्वाचा: आधी कागदपत्रं, मग फोटो, मग घरचे व्हिडिओ, आणि डाउनलोड केलेले सिनेमे सगळ्यात शेवटी, ते राहिले तरी कुणी रडणार नाही. मामांच्या बाबतीत मी सातबारे आणि लग्नाचे फोल्डर पहिल्या तासात काढून घेतले, बाकीचं रात्रभर चालू दिलं.

कॉपी झाली की वीसेक फाइली अधूनमधून कुठल्याही उघडून बघा, नुसती साइज जुळली म्हणून खूश होऊ नका. नॅसच्या सेटिंग्जची पण एक फाइल निघते, युजर, पासवर्ड, शेअर वगैरेची, ती पण त्याच डिस्कवर टाका.

आणि एक, बॅकअप व्हायच्या आधी फर्मवेअर (डब्याचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करू नका, रेड रिपेअर (एका डिस्कवरून दुसरीवर सगळं परत भरणं) चालू करू नका, डेटा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) पण नको. रिपेअर आणि स्क्रबिंगमधे डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तासन्‌तास घासली जाते आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी तेव्हाच मरते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या असतात ना, म्हणजे दोघींचं वयही एकच, हे लक्षात ठेवा.

पायरी २: "स्लो झालाय" म्हणजे नक्की काय स्लो झालंय

डबा बदलायचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे स्लो झालाय, आणि माझ्या अनुभवात अर्ध्या वेळा दोष डब्याचा नसतो. एक मोठी फाइल, ४-५ जीबीची, केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर ओढून बघा. वायफायवर नको, वायफायवर मोजलं तर तुम्ही वायफाय मोजताय.

सेकंदाला ११-१२ एमबी मिळाले तर नेटवर्क कुठेतरी १०० मेगाबिटवर अडकलंय. गिगाबिट धड चाललं तर ११० च्या आसपास मिळतात, जुन्या एक कोरच्या डब्याला लिहिताना ५०-७० मिळतात आणि त्याला तेवढंच झेपतं. ११ वर अडकायची कारणं अगदी फालतू असतात: इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरची पोर्टं १०० ची, किंवा केबल टाकणाऱ्याने आठातल्या चारच तारा जोडलेल्या, किंवा क्लिप तुटलेली केबल अर्धवट बसलेली. नॅसच्या नेटवर्क सेटिंगमधे लिंक स्पीड लिहिलेला असतो, तिथे १०० दिसलं तर आधी केबल बदला. फरक किती पडतो? ३ टीबी डेटा ११ च्या वेगाने हलवायला तीन दिवसांच्या वर लागतात, ११० ने साडेसात-आठ तास. माझ्या एका मित्राने नवा चार डिस्कचा डबा घेतला होता, तोही ११ वरच, कारण केबल जुनीच. दोनशे रुपयांचं काम होतं.

मोठी फाइल वेगात जाते पण फोटोचं फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, वेब पान उघडताना चाक फिरत राहतं, असं असेल तर मात्र प्रोसेसर आणि रॅम कमी पडतायत. त्यावर एक स्वस्त उपाय आहे, नको असलेली ॲप काढून टाका. फोटो इंडेक्सिंग, मीडिया सर्व्हर, अँटिव्हायरस, डाउनलोडर, हे सगळं ५१२ एमबी रॅममधे कोंबलेलं असतं आणि डबा स्वॅपवर, म्हणजे रॅम संपल्यामुळे डिस्कचीच जागा रॅमसारखी वापरत, रांगत असतो. माझ्या डब्यातून चार ॲप काढली तर तो दोन वर्षं अजून सुखाने चालला.

पायरी ३: डिस्कची तब्येत

नॅसच्या स्टोरेज ॲपमधे प्रत्येक डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) असते. वरती हिरव्या अक्षरात 'नॉर्मल' लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका, आतले आकडे बघा. पुष्कळ आकडे असतात, त्यातले मोजकेच कामाचे.

क्रमांक ५, रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला ठेवलेल्या जागा. १९७, पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही अशा जागा. १९८ म्हणजे न सुधारणाऱ्या. हे तिन्ही शून्य पाहिजेत. ५ मधे दोन-चार असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच असतील तर नजर ठेवून चालवता येतं, पण आकडा दर आठवड्याला वाढत असेल किंवा १९७ शून्य नसेल तर त्या डिस्कचं तिकीट निघालेलं आहे. मामांच्या दुसऱ्या डिस्कवर १९७ मधे तीनशेच्या वर होते. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, ते बहुतेकदा केबल किंवा कनेक्टरचं दुखणं असतं, डिस्क काढून, साफ करून, नीट दाबून बसवली की बऱ्याचदा थांबतं.

क्रमांक ९ म्हणजे चालू राहिल्याचे तास. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे साधारण ४४ हजार तास झाले की पाच वर्षं अखंड. माझ्या डिस्क ६१ हजारावर होत्या, सात वर्षं (मधे एकदा बदलल्या होत्या), आणि एकही खराब सेक्टर नाही. तासांमुळे डिस्क मरतेच असं नाही, पण पाच वर्षांनंतर ती माझ्या लेखी बोनसवर चालते, आणि बोनसवर चालणाऱ्या डिस्कवर मी एकुलती एक कॉपी ठेवत नाही. तापमान पण बघा, चाळिशीच्या आत उत्तम, पन्नासला टेकत असेल तर डबा टीव्हीमागच्या बंद कपाटातून बाहेर काढा.

बॅकअप झालेला असेल तर आता एक्स्टेंडेड स्मार्ट टेस्ट लावा, ४ टीबीला आठ-दहा तास सहज लागतात, रात्री लावून झोपा.

पायरी ४: डबा स्वतः

डब्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं आणि जे बिघडतं ते स्वस्त असतं, हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. पहिला संशयित अडॅप्टर. दोन डिस्कच्या डब्याला बहुतेक १२ व्होल्टचा ५ किंवा ६ अँपिअरचा बाहेरचा अडॅप्टर असतो, सात-आठ वर्षांत आतले कपॅसिटर सुकतात, मग डिस्क सुरू होताना लागणारा जोर तो देऊ शकत नाही आणि डबा आपोआप रीस्टार्ट होतो, डिस्क टकटक करतात, कधी डिस्क 'गायब' होते आणि परत येते. मामांचा अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापत होता. नवा घेताना व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिन आणि तिची प्लस-मायनसची बाजू तीच, एवढं लेबल वाचून जुळवा, आणि फुटपाथवरचा तर अजिबात घेऊ नका.

मग पंखा. मागचा पंखा घरघरत असेल तर साइज आणि पिन बघून तसाच घ्या, चार स्क्रू काढायचे. आतली धूळ ब्रशने काढा. कोकणपट्टीत आणि आमच्याकडे डोंबिवलीत दमट हवेने कनेक्टर काळे पडतात, आणि मुंग्या आणि पाली, हो, माझ्या डब्यात पालीची अंडी निघाली होती. डबा बंद केल्यावर घड्याळ मागे जात असेल तर बोर्डावरची बटण बॅटरी संपलीय, तीही बदलता येते.

रॅम? स्वस्त मॉडेलांत ती बोर्डावर चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. जरा वरच्या मॉडेलांत एक रिकामा स्लॉट असतो, तिथे २ ची ६ जीबी केली तर खरोखर फरक जाणवतो. प्रोसेसर कुठेच बदलता येत नाही. ३२ बिट प्रोसेसरच्या जुन्या डब्यांवर एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा मोठ्या डिस्क घेण्याआधी आपल्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या साइटवर बघून घ्या.

एक खास केस सांगतो. इंटेलच्या ॲटम सी२००० चिपमधे एक दोष होता, घड्याळाचा सिग्नल देणारा भाग हळूहळू मरायचा आणि एके दिवशी डबा चालूच व्हायचा नाही, हे २०१७ च्या सुरुवातीला बाहेर आलं. सिनॉलॉजी या नॅस कंपनीचे डीएस४१५+, डीएस१५१५+, डीएस१८१५+ यांच्यात ती चिप होती, कंपनीने वॉरंटीही वाढवली होती. लोक एक रेझिस्टर डागून असे डबे जिवंत करतात, पण सेकंड हँडमधे असला डबा 'एकदम स्वस्त' म्हणून आला तर का स्वस्त आहे ते कळलं असेल.

पायरी ५: अपडेट येतायत का? खरा निकाल इथे लागतो

आत्तापर्यंतचं सगळं दुरुस्त होतं. हे होत नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेला डबा इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं, आणि हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हला २०१५ नंतर अपडेट नव्हते, लोक निवांत वापरत होते, जून २०२१ मधे एके सकाळी जगभरच्या लोकांनी बघितलं तर डिस्क कोऱ्या, कुणीतरी लांबूनच फॅक्टरी रीसेट मारलेला. क्यूनॅप कंपनीचे डबे वापरणाऱ्यांना एप्रिल २०२१ मधे क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट, फाइलींना कुलूप आणि खंडणी बिटकॉइनमधे. सिनॉलॉजीच्या जुन्या, अपडेट न केलेल्या डब्यांवर २०१४ च्या ऑगस्टमधे सिनोलॉकर आलं होतं. म्हणजे अमुक कंपनी वाईट आणि तमुक चांगली असं काही नाही, जो डबा बाहेरून दिसतो आणि अपडेटेड नाही तो सापडतो.

तेव्हा कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधा, शेवटचं सॉफ्टवेअर कुठलं आणि त्याला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत ते बघा. 'माझ्या डब्यावर लेटेस्ट दाखवतंय' यावर जाऊ नका, तुमच्या मॉडेलसाठीचं लेटेस्ट तीन वर्षांपूर्वीचं असू शकतं. सिनॉलॉजीचं डीएसएम (त्यांच्या डब्यातलं सॉफ्टवेअर) ६.२ ऑक्टोबर २०२४ मधे संपलं, त्यावर अडकलेल्यांनी समजून घ्या.

दुसरं लक्षण म्हणजे बाकीचं जग पुढे जातं. विंडोज १० ने २०१७ च्या अपडेटपासून एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) आपोआप बसवणं थांबवलं, तिच्यातूनच पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच वर्षी मे महिन्यात येऊन गेलेला, आणि विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर पासवर्डशिवायच्या पाहुणा शेअरवाले जुने डबे बऱ्याच पीसींवर उघडेनासे झाले. मग लोक विंडोजमधेच एसएमबी १ परत चालू करतात. नका करू. एका म्हाताऱ्या डब्यासाठी सगळ्या घराची कडी काढताय.

माझा २०१३ चा डबा इथे नापास झाला. डिस्क ठणठणीत, पंखा ठणठणीत, अपडेट बंद. मामांचा पास झाला, त्याला नवं सॉफ्टवेअर येत होतं. तिथेच दोन्ही निकाल लागले, बाकी नुसता हिशोब.

लगेच पैसे नसतील तर अपडेट संपलेला डबा निदान कोंडून ठेवा: राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट) काढा, यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा, नॅसची 'कुठूनही उघडा' वाली क्लाउड सोय बंद करा, नॅसच्या नेटवर्क सेटिंगमधे गेटवेचा रकाना मोकळा सोडा म्हणजे तो बाहेर जाऊच शकत नाही. घरातल्या घरात चालेल. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच फायबरवाल्यांच्या कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो, पोर्ट फॉरवर्डिंग केलं तरी चालत नाही, आणि बाहेरून बघायचं असेल तर अपडेट येणाऱ्या डब्यावर टेलस्केलसारखं काही (आपल्याच उपकरणांमधली खाजगी जोडणी देणारं ॲप) टाकणं जास्त सोपं आणि सुरक्षित आहे.

पायरी ६: पैशाचा हिशोब

कागद घ्या. एका बाजूला दुरुस्ती: अडॅप्टर, पंखा, रॅम असेल तर रॅम. दुसऱ्या बाजूला त्याच दर्जाचा नवा रिकामा डबा. डिस्क कुठल्याच बाजूला लिहू नका, त्या नव्या डब्यातही लागणारच, इथेच लोकांचा हिशोब चुकतो, डिस्कची किंमत दुरुस्तीत धरतात आणि म्हणतात दुरुस्ती नव्याइतकीच महाग. माझा साधा नियम असा की अपडेट अजून तीन वर्षं तरी मिळणार असतील आणि दुरुस्ती नव्या डब्याच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर दुरुस्ती. अपडेट संपले असतील तर दुरुस्तीवर रुपया घालू नका, डिस्क घ्या पण त्या उद्या नव्या डब्यात जातील अशाच घ्या.

विजेचंही बघा. दोन डिस्कचा डबा १५ वॅटच्या आसपास खातो, वर्षाला १३१ युनिट, युनिट १० रुपये धरलं तर तेराशे रुपये. घरात पडलेल्या जुन्या डेस्कटॉपचा नॅस करायचं सगळ्यांच्या डोक्यात येतं, तो ६० वॅट खात असेल तर वर्षाला सव्वापाच हजार, चार वर्षांत नव्या डब्याचे बरेचसे पैसे महावितरणला गेले.

डिस्क वाढवायच्या ठरल्या तर

डिस्क घेताना सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) आहे का ते मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर डिस्कमधे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, त्यामुळे रेड रिपेअरला अंत राहत नाही, मधेच डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाते. २०२० च्या एप्रिलमधे वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकलेल्या त्यांच्या २ ते ६ टीबीच्या 'रेड' नावाच्या (हे डिस्कच्या मालिकेचं नाव, वरचं रेड १ वेगळं) काही डिस्क एसएमआर आहेत, तेव्हापासून रेड प्लस आणि रेड प्रो हे सीएमआरवाले, साधं रेड जपून. सीगेटमधे आयर्नवुल्फ सीएमआर आहे.

आणि नवी म्हणून जुनी मिळू शकते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क स्मार्टचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, सीगेटच्या डिस्कमधे फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिथे खरे तास राहिले होते. लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, बिल घ्या, सील फोडायच्या आधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दाखवतेय का बघा. मी एकदा 'इम्पोर्टेड पीस, हजार रुपये कमी' ला भुललो होतो, दहा महिन्यांत गेली आणि वॉरंटी कुठल्या तरी तिसऱ्याच देशातली निघाली, दुकानदाराने चहा मात्र पाजला.

बदलताना एका वेळी एकच. आधी मेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर स्क्रीनवरून लिहून घ्या आणि डिस्कच्या स्टिकरशी जुळवा, कारण डिस्क १ डावीकडे की उजवीकडे यात भले भले फसतात आणि चांगली डिस्क उपसतात. स्वस्त डब्यांत डबा बंद करून स्क्रू काढावे लागतात, चालू डब्यात डिस्क काढायची सोय असेल तरच चालू असताना काढा. नवी लावा, स्टोरेज ॲपमधे रिपेअर म्हणा, ४ टीबीला निदान अर्धा दिवस धरून चाला, मधे हात लावू नका. पूर्ण झालं, स्टेटस हिरवं झालं, मग दुसरी. रेड १ मधे लहान डिस्कएवढीच जागा मिळते, त्यामुळे दोन्ही मोठ्या झाल्यावरच व्हॉल्यूम वाढवता येतो, पहिल्यानंतर जागा वाढली नाही म्हणून घाबरू नका.

हे सगळं यूपीएसवर. घरचा इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात डबा कधी बसतो तर कधी तगतो, मधल्या रिपेअरला ते परवडत नाही. यूएसबीची डेटा केबल असलेला यूपीएस घ्या, ती नॅसला जोडली की वीज गेल्यावर काही मिनिटांनी डबा स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. सांगलीत मी रिपेअर लावला आणि तासाभरात वीज गेलीच, मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा यूपीएस कामाला आला म्हणायचं."

डबाच बदलायचा ठरला तर

काय हवंय त्यावर. नुसत्या फाइली आणि मोबाइलच्या फोटोंचा बॅकअप असेल तर एआरएमवाला (मोबाइलमधे असतो तसल्या प्रोसेसरचा) साधा डबा पुरतो. फोटोतले चेहरे ओळखणं, डॉकर (इतर ॲप वेगवेगळी करून चालवायची सोय), टीव्हीसाठी व्हिडिओ बदलून देणं असलं हवं असेल तर इंटेलचा, अंगभूत ग्राफिक्सवाला, आणि रॅम वाढवता येणारा. व्हिडिओसाठी घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, सिनॉलॉजीने डीएसएम ७.२.२ मधे, २०२४ साली, आपलं व्हिडिओ स्टेशन काढूनच टाकलं, तेव्हा जुन्या डब्यावर जे आहे ते नव्यावर असेलच असं गृहीत धरू नका. २०२५ मधे त्यांनी प्लस सिरीजच्या नव्या डब्यांना स्वतःच्याच डिस्कची अट घातली होती, लोक भडकले, ऑक्टोबरमधे डीएसएम ७.३ बरोबर दुसऱ्या कंपनीच्या साध्या हार्ड डिस्कसाठी ती सैल केली. म्हणून आपली डिस्क चालते का हे घेण्याआधी बघायचं, कुठल्याही कंपनीचा डबा असो.

हौस असेल तर एन१०० (इंटेलचा स्वस्त प्रोसेसर) वाला छोटा पीसी आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस (त्याला निदान ८ जीबी रॅम) हे नॅसचं फुकट सॉफ्टवेअर. स्वस्तात जास्त ताकद मिळते, पण रविवारी दुपारी अपडेटनंतर काही बंद पडलं तर कस्टमर केअर तुम्हीच. मामांकडे मी हे कधीच बसवणार नाही. अडीच गिगाबिटचं पोर्ट दिसलं म्हणून हुरळू नका, राउटर आणि लॅपटॉप दोन्ही तसे असतील तरच उपयोग.

डेटा हलवायचे दोन मार्ग. त्याच कंपनीचा नवा डबा असेल तर बऱ्याचदा जुन्या डिस्क त्याच क्रमाने नव्यात घातल्या की तो त्या ओळखतो, तासाभरात काम. पण जुनी फाइल सिस्टिमही तशीच येते, ईएक्सटी४ असेल तर ईएक्सटी४च राहते, आणि बीटीआरएफएसवर मिळणारे स्नॅपशॉट, म्हणजे कालच्या स्थितीला परत जायची सोय, ती मिळत नाही. मी तर म्हणेन नव्या डब्यात नव्या डिस्क, नवी फाइल सिस्टिम, आणि जुन्यावरून नेटवर्कने कॉपी, एक रात्र लागते. जुना डबा महिनाभर तसाच ठेवा, त्या महिन्यात हटकून कुणाला तरी आठवतं की अमुक फोल्डर दिसत नाहीये. आमच्याकडे बायकोला आठवलं, दुसऱ्या युजरच्या होम फोल्डरमधले तिच्या कॉलेजचे फोटो, ते मी कॉपीच केले नव्हते.

जुन्याचं काय

माझा जुना डबा आता महिन्यातून एक रविवार चालू होतो, गेटवे नाही, इंटरनेट नाही, नव्याचा बॅकअप घेतो आणि प्लगमधून बंद. कुलूप लावणारा व्हायरस आला तरी बंद डब्याला काय करणार. मामांच्या आणि माझ्या डब्यांनी आता एकमेकांचे फोटो रात्री अदलाबदल करायचे ठरवलेत, कुलूपबंद करून, म्हणजे डोंबिवलीत पाणी भरलं तरी सांगलीत एक कॉपी, आणि सांगलीला पूर काय असतो ते २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय.

डिस्क विकायची असेल तर नॅसमधूनच सिक्युअर इरेज चालवा, नुसतं फॉरमॅट केलेलं परत काढता येतं. मेलेली डिस्क इरेज होत नाही, तिला ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, भंगारवाल्याला नको. मामांची मेलेली डिस्क आम्ही अंगणात बसून उघडली, वरचे स्क्रू टॉर्क्सचे असतात, साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, आत दोन चपटी चुंबकं निघतात, बोट सापडलं तर सोलून निघेल इतकी जोरदार. ती दोन्ही मामींनी धुऊन फ्रीजला लावलीत, एकाखाली गॅसचं बिल आणि एकाखाली दूधवाल्याचा हिशोब.